अठ्ठाविसावा दिवस उलटून गेल्यावर: स्पायना बायफिडाचा एक प्रकरण अभ्यास

स्पायना बायफिडा म्हणजे गर्भाच्या पाठीत मज्जारज्जूची नळी नीट न मिटण्याचा जन्मजात दोष. हे प्रकरण गर्भवैद्यक विभागात जनुकीय समुपदेशन करताना हाताळलेलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक निर्णय ‘आज भ्रूणाचा कितवा दिवस?’ या एका प्रश्नापाशी येऊन थांबतो.

पार्श्वभूमी

मीनलचं वय तिशीच्या आसपास. सोळाव्या वर्षापासून तिला अपस्मार होता. सकाळी उठल्यावर हातांना अचानक हिसके बसायचे, हातातली वस्तू उडून पडायची, आणि झोप अपुरी झाली की मोठी फिट यायची. या प्रकाराला ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी म्हणतात. त्यावर सोडियम व्हॅल्प्रोएट फार चांगलं लागू पडतं, आणि मीनललाही ते लागू पडलं होतं. मध्ये एकदा लेव्हेटिरॅसिटॅम हे अपस्मारावरचं दुसरं औषध देऊन पाहिलं. त्यावर ती सतत चिडू लागली, विनाकारण रडू लागली, तेव्हा ते बंद करून पुन्हा जुन्याच गोळ्या सुरू केल्या.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळी ती दिवसाला ६०० मिलिग्रॅम व्हॅल्प्रोएट घेत होती. मुलगी तेहतिसाव्या आठवड्यात, कळा आपोआप सुरू होऊन जन्मली. लहानखुरी होती, पण धडधाकट. त्यानंतर रात्रीच्या जागरणांनी फिट वाढल्या, म्हणून डोस १००० मिलिग्रॅमवर गेला आणि तिथेच राहिला. पुढची चार वर्षं तीच चिठ्ठी दाखवून त्याच गोळ्या येत राहिल्या. ‘पुढचं मूल हवं आहे का, कधी हवं आहे, तोवर गर्भनिरोधक काय वापरता?’ हे तिला कोणी विचारलं नाही. विचारावंसं वाटावं असं काही घडतही नव्हतं. फिट नव्हत्या, घरात एक निरोगी मूल होतं, आणि त्या मुलीच्या वेळीही याच गोळ्या चालू होत्या.

पाळी तिची नेहमीच अनियमित. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या बायकांमध्ये हे बऱ्यापैकी आढळतं. त्यामुळे पाळी लांबली तरी तिने आधी मनावर घेतलं नाही. घरी चाचणी केली, ती पॉझिटिव्ह आली. सोनोग्राफीत गर्भ सात आठवडे तीन दिवसांचा निघाला. फॉलिक ॲसिडची पहिली गोळी तिने त्याच दिवशी घेतली.

अडचण नेमकी कुठे होती

सात आठवडे तीन दिवस हे वय शेवटच्या पाळीपासून मोजलेलं. फलनापासून मोजलं तर ते साधारण ३८ दिवस होतं. न्यूरल ट्यूब, म्हणजे ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, फलनापासून २८ व्या दिवसाच्या आसपास पूर्ण मिटलेली असते. पाळीच्या हिशोबाने तो सहावा आठवडा संपण्याचा सुमार. म्हणजे मीनलने पहिली गोळी घेतली तेव्हा ज्या कामासाठी ती गोळी देतात ते काम उरकून दहा दिवस झाले होते. ते नीट उरकलं की अर्धवट राहिलं, हे मात्र त्या दिवशी कोणतीही तपासणी सांगू शकली नसती.

या मुदतीबद्दलचं अज्ञान फक्त रुग्णांमध्ये असतं असं नाही. ‘दिवस गेल्याचं कळलं की लगेच फॉलिक ॲसिड सुरू करा’ हा सल्ला इतक्या सहज दिला जातो, की ‘कळलं की लगेच’ हेच उशिराचं आहे, याकडे लक्ष जात नाही. गोळी घ्यायची ती गर्भ राहण्याआधी किमान महिनाभर. बारा आठवड्यांपर्यंत ती चालू ठेवतात, पण न्यूरल ट्यूबपुरता तिचा उपयोग पहिल्या चार आठवड्यांतच व्हायचा असतो.

त्या चार आठवड्यांत काय घडतं

तिसऱ्या आठवड्यात भ्रूण म्हणजे तीन थरांची एक चपटी तबकडी असते. वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो. ही न्यूरल प्लेट. सुरुवातीला ती रुंद आणि आखूड असते. मग तिच्यातल्या पेशी मध्यरेषेकडे सरकतात, एकमेकींच्या मध्ये घुसतात, आणि प्लेट अरुंद आणि लांब होत जाते. पेशींना ही दिशा देणाऱ्या जनुकांचा एक गट आहे. त्यांतलं काही बिघडलं तर प्लेट रुंदच राहते आणि तिच्या दोन कडा एकमेकींपर्यंत पोचूच शकत नाहीत. नळी मिटायला सुरुवातच झाली नाही, तर मेंदूपासून पाठीपर्यंत सगळंच उघडं राहतं. हा दोषाचा सर्वांत गंभीर प्रकार.

प्लेट अरुंद झाली की मधोमध घडी पडते, दोन्ही कडा उचलल्या जातात, वरच्या बाजूला आत वळतात आणि टोकाला टोक भिडून चिकटतात. हे चिकटणं साधारण २२ व्या दिवशी, मेंदूचा मागचा भाग आणि मान यांच्या सीमेवर सुरू होतं, आणि तिथून वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना चेन ओढावी तसं सरकत जातं. डोक्याकडचं उघडं तोंड २५ व्या दिवसाच्या आसपास मिटतं, शेपटीकडचं २७ व्या-२८ व्या दिवशी. वरचं तोंड मिटलं नाही तर ॲनेनसेफॅली होते: कवटी बनत नाही, उघडा पडलेला मेंदू गर्भजलात झिजत जातो, आणि असं बाळ जगत नाही. खालचं तोंड मिटलं नाही तर मायलोमेनिंगोसील, म्हणजे स्पायना बायफिडाचा उघडा प्रकार. त्याहून खालचा, शेपटीच्या टोकाचा मज्जारज्जू वेगळ्या पद्धतीने, भरीव पेशीगोळ्यात पोकळी पडून तयार होतो. तिथले दोष सहसा त्वचेखाली झाकलेले असतात. सोनोग्राफीत ‘पाठीवर गाठ’ दिसली तर ती उघडी की झाकलेली, हे आधी ठरवावं लागतं ते याचमुळे. दोन्हींची भविष्यं अगदी निराळी असतात.

पाठीच्या मणक्यांत फट पडली म्हणून मज्जारज्जू बाहेर आला, असं पालकांना वाटतं, आणि ‘स्पायना बायफिडा’ म्हणजे दुभंगलेला कणा, हे नावही तसंच सुचवतं. घडतं उलट. आधी नळी मिटत नाही. उघड्या प्लेटमुळे तिच्यावर मणक्यांच्या कमानी आणि त्वचा येऊ शकत नाही. हाडाचा दोष हा परिणाम आहे.

मिटण्याच्या या घाईत पेशी झपाट्याने विभागत असतात. त्यांना डीएनएचा कच्चा माल आणि मिथाइल गट पुरवण्यात फोलेटचा मोठा वाटा असतो. फोलेट कमी पडलं, ते वापरणाऱ्या साखळीत जनुकीय ढिलाई असली, आईचा मधुमेह आटोक्यात नसला, लठ्ठपणा असला, त्या दिवसांत खूप ताप आला, किंवा एखादं औषध आड आलं, तर मिटण्याची वेळ चुकू शकते. बहुतेक वेळा यांतलं एकच कारण पुरेसं नसतं; दोन-तीन गोष्टी एकाच आठवड्यात एकत्र याव्या लागतात.

व्हॅल्प्रोएट हे असं आड येणारं औषध. १९८२ मध्ये फ्रान्समधल्या लिऑन इथल्या जन्मजात दोषांच्या नोंदींवरून एलिझाबेथ रोबेर यांनी हा संबंध पहिल्यांदा दाखवला. पेशींमध्ये कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद ठेवायची, हे ठरवणाऱ्या एका विकराला हे औषध अडवतं, आणि फोलेटच्या साखळीतही ढवळाढवळ करतं. गर्भारपणाच्या सुरुवातीला ते घेणाऱ्या बायकांच्या बाळांत स्पायना बायफिडाचा धोका १ ते २ टक्के असतो. डोस वाढेल तसा धोकाही वाढतो. एरवी न्यूरल ट्यूबचे सगळे दोष मिळून बहुतेक ठिकाणी हजारात एक-दोन गर्भांत आढळतात.

मीनलचा नवरा पुढे अनेकदा म्हणाला, “डॉक्टर, पहिल्या वेळी हेच औषध होतं, मग तेव्हा का नाही झालं?” उत्तर याच आकड्यात आहे. १ ते २ टक्के म्हणजे शंभरातली अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव बाळं या दोषाशिवाय जन्मणारच. पहिली मुलगी त्यांतली होती. तिच्या निरोगी असण्यावरून औषध सुरक्षित ठरत नव्हतं. शिवाय तेव्हा डोस ६०० होता, आता १०००.

पहिला निर्णय: गोळ्यांचं काय करायचं

सोनोग्राफीच्या दुसऱ्या दिवशी मीनलने मोबाइलवर औषधाचं नाव शोधलं, जे वाचलं त्याने ती हादरली, आणि कुणाला न सांगता तिने गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या सकाळी तिला मोठी फिट आली. पोटावर पडली नाही, एवढंच नशीब. त्यानंतर ती आमच्याकडे पाठवली गेली, तेव्हा गर्भ आठ आठवड्यांचा होता.

मेंदूविकारतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ आणि मी अशी आमची बैठक झाली. पर्याय तीन होते. औषध पूर्ण बंद करायचं. एका औषधावरून दुसऱ्यावर झटपट न्यायचं. किंवा डोस कमी करून, विभागून, तेच चालू ठेवायचं. बंद करण्यामागची भावना समजण्यासारखी होती. पण नळीपुरतं पाहिलं तर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि मोठ्या फिटमध्ये आई आणि गर्भ दोघांचाही प्राणवायू कमी पडतो, आईचा जीवही जाऊ शकतो.

मग तेच औषध, त्याच डोसने चालू ठेवायला हरकत नव्हती का? होती. नळी मिटली तरी मेंदूची वाढ पुढे महिनोन्‌महिने चालते, आणि व्हॅल्प्रोएटचा परिणाम तिच्यावर होत राहतो. या औषधाच्या सहवासात वाढलेल्या मुलांचा बुद्ध्यांक सहाव्या वर्षी मोजला तर इतर औषधं घेणाऱ्या आयांच्या मुलांपेक्षा ७ ते १० गुणांनी कमी भरल्याचं मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. स्वमग्नतेचं प्रमाणही जास्त असतं. इथेही डोस महत्त्वाचा.

शेवटी व्हॅल्प्रोएट ६०० मिलिग्रॅमवर आणलं, दिवसातून विभागून दिलं, आणि जोडीला लेव्हेटिरॅसिटॅम छोट्या डोसपासून सुरू केलं. मागच्या वेळी चिडचिड झाली होती, म्हणून या वेळी नवऱ्याला आणि तिच्या बहिणीला काय पाहायचं ते आधी सांगून ठेवलं. लॅमोट्रिजिन या आणखी एका औषधाचा विचार झाला, पण ते फार हळूहळू वाढवावं लागतं, व्हॅल्प्रोएटसोबत तर त्याहूनही हळू, नाहीतर अंगावर घातक पुरळ येऊ शकतं. तेवढा वेळ हाताशी नव्हता. नंतर एकही मोठी फिट आली नाही. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत नीट घेतलेला निर्णय हाच.

हातचे गेलेले चार आठवडे

बाराव्या आठवड्याचा स्कॅन दुसऱ्या केंद्रात झाला. अहवालात डोकं, हातपाय, हृदयाचे ठोके, सगळं ‘नॉर्मल’ होतं. त्या वयात ॲनेनसेफॅली ओळखता येते, पण उघडा स्पायना बायफिडा निसटू शकतो. मेंदूच्या मागच्या भागातली द्रवाची एक छोटी जागा बारकाईने पाहिली तर संशय येतो. मात्र त्यासाठी पाहणाऱ्याला आधी माहीत हवं की इथे धोका आहे. तपासणीच्या अर्जावर व्हॅल्प्रोएटचा उल्लेख नव्हता.

सोळाव्या आठवड्यात आईच्या रक्तातलं अल्फाफीटोप्रोटीन मोजता आलं असतं. गर्भाच्या यकृतात बनणारं हे प्रथिन उघड्या जखमेतून गर्भजलात आणि तिथून आईच्या रक्तात उतरतं. सरासरीच्या अडीच पटींवर गेलं की पुढे तपासतात. १९७२ पासून या प्रथिनाचा आणि या दोषांचा संबंध माहीत आहे. मीनलची ती चाचणी झालीच नाही. सोनोग्राफीची यंत्रं सुधारली तशी ही चाचणी अनेक ठिकाणी मागे पडली, आणि चांगल्या हातांत सोनोग्राफी तिच्याहून सरस आहेच. पण धोका ठाऊक असताना सोळाव्या आठवड्यात दोन्हींपैकी काहीच न करणं, याचं समर्थन अवघड आहे.

विसावा आठवडा

अनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे गर्भातले दोष शोधणाऱ्या सोनोग्राफीत, आधी डोक्याने इशारा दिला. कपाळाच्या दोन्ही बाजू आत दबून कवटीचा आडवा छेद लिंबासारखा दिसत होता. लहान मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकला होता. ही दोन्ही चिन्हं १९८६ मध्ये वर्णन झाली आणि तेव्हापासून तपासणारे पाठीआधी डोकं पाहू लागले. पाठीतल्या उघड्या जागेतून मेंदूभोवतीचं पाणी झिरपत राहतं, डोक्यातला दाब कमी होतो, आणि मेंदूचा मागचा भाग मानेच्या दिशेने खाली सरकतो. तिथे पाण्याची वाट अडते, म्हणून पुढे डोक्यात पाणी साठतं.

पाठीत कमरेच्या पाचव्या मणक्यापासून खाली कमानी उघड्या होत्या आणि वर एक पातळ पिशवी होती. मेंदूतल्या पोकळ्या १०.५ मिलिमीटर, म्हणजे मर्यादेच्या किंचित वर. मांड्या आणि गुडघे हलत होते, एक पाऊल आत वळलेलं होतं. गर्भजलाची तपासणी केली, गुणसूत्रं ठीक निघाली.

‘पाय हलतायत म्हणजे चालेल ना?’ हा प्रश्न लगेच आला. गर्भातली हालचाल मेंदूच्या हुकमाशिवाय, नुसत्या प्रतिक्षिप्त क्रियेनेही होते, त्यामुळे तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. मणक्याची पातळी त्याहून भरवशाची. पाचव्या मणक्यावर दोष असेल तर मांडी आणि गुडघ्यांची ताकद बहुधा टिकते, घोटे कमजोर राहतात, स्प्लिंट (पायाला आधार देणारी पट्टी) लावून चालणं शक्य असतं. लघवी आणि शौचावरचा ताबा मात्र जवळजवळ नक्कीच बिघडतो. चालण्याबद्दल पालक विचारतात, लघवीबद्दल विचारत नाहीत. पण मूत्रपिंडं वाचवणं हे पुढच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम असतं. म्हणून तो विषय मीच काढला.

बुद्धीबद्दल उत्तर देणं कठीण होतं. स्पायना बायफिडा असलेल्या बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण कक्षेत असते, शिकण्यातल्या काही विशिष्ट अडचणी सोडल्या तर. पण इथे व्हॅल्प्रोएटची दुसरी अनिश्चितता होती आणि दोन्ही मिसळून एकच आकडा देणं शक्य नव्हतं. तसं स्पष्ट सांगितलं.

समोरचे पर्याय

पहिला, गर्भपात. त्याला कायद्याची मुदत असते आणि निदान विसाव्या आठवड्यात झालं की विचाराला उरलेला वेळ थोडाच असतो. दुसरा, गर्भ वाढवून जन्मानंतर शस्त्रक्रिया. तिसरा, गर्भाशयातच शस्त्रक्रिया.

तिसऱ्याचं आकर्षण उघड होतं. मज्जारज्जूचं नुकसान दोन टप्प्यांत होतं: आधी नळी मिटत नाही, मग उघडी पडलेली मज्जा महिनोन्‌महिने गर्भजलात भिजून आणि घासून खराब होते. दुसरा टप्पा थांबवता येतो, हे १९९५ मध्ये मेंढ्यांच्या गर्भांवर दाखवलं गेलं. माणसांवरचा मोठा तुलनात्मक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भाशयात शस्त्रक्रिया झालेल्या बाळांपैकी ४० टक्क्यांना पहिल्या वर्षात शंट (डोक्यात साठलेलं पाणी बाहेर वळवणारी, शरीरात बसवलेली नळी) लागला, जन्मानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ८२ टक्क्यांना. अडीच वर्षांचं होईपर्यंत आधाराविना चालणारी मुलं ४२ टक्के विरुद्ध २१ टक्के. फायदा ठळक दिसला म्हणून अभ्यास ठरल्याआधीच थांबवला गेला. किंमतही तशीच होती: गर्भात शस्त्रक्रिया झालेल्यांत ७९ टक्के बाळं अकाली जन्मली, आणि आईच्या गर्भाशयावर राहिलेला व्रण पुढच्या प्रत्येक गर्भारपणात धोक्याचा.

त्या अभ्यासात ज्यांना घेतलं नव्हतं, त्यांत आधी अकाली प्रसूती झालेल्या बायका होत्या. मीनल नेमकी त्यांतली, आणि मापात गर्भाशयाचं मुखही आखूड निघालं. त्यात अलीकडची फिट. शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्राने कागद पाहून नकार दिला. मीनलचा नवरा चिडला: “सोय आहे, पैसे उभे करतो म्हणतोय, मग आम्हालाच का नाही?” तो नकार त्यांना अन्याय वाटला, आणि फोनवर दोन वाक्यांत कळवला गेला म्हणून जास्तच. पण सव्विसाव्या-सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं आणि मेंदू यांची जोखीम पाठीच्या फायद्याहून मोठी ठरली असती. मला तो निर्णय योग्य वाटतो.

गर्भपाताबद्दल दोघांचं एकमत नव्हतं. मीनलला नको होता, नवऱ्याला ठरवता येत नव्हतं. आम्ही कौल दिला नाही. त्याऐवजी मेंदू-शल्यविशारद आणि मूत्ररोगतज्ज्ञांशी भेट घडवली, आणि सात वर्षांच्या, स्प्लिंट लावून शाळेत जाणाऱ्या एका मुलाच्या आईशी बोलणं करून दिलं. त्या बाईंनी शंट बंद पडल्याच्या रात्रीबद्दलही सांगितलं, काही लपवलं नाही. त्यानंतर दोघांनी गर्भ वाढवायचं ठरवलं.

काय केलं

अकाली कळा टाळण्यासाठी प्रोजेस्टेरॉन सुरू केलं. दर काही आठवड्यांनी डोकं मोजलं. बत्तिसाव्या आठवड्यात मेंदूतल्या पोकळ्या १४ मिलिमीटरवर गेल्या. नियोजित सिझेरियनची तारीख अडतिसाव्या आठवड्यातली ठरली. प्रत्यक्षात पस्तिसाव्या आठवड्याच्या शेवटी रात्री कळा आल्या.

इथे एक साधी गोष्ट कामी आली. फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: लेटेक्स वापरायचं नाही, बाळ पालथं ठेवायचं, जखमेवर सलाइनने ओला निर्जंतुक गॉज आणि वर प्लास्टिक. या मुलांवर वारंवार शस्त्रक्रिया होतात आणि रबरी हातमोज्यांतल्या लेटेक्सची घातक ॲलर्जी होण्याचं प्रमाण त्यांच्यात मोठं आहे, म्हणून पहिल्या क्षणापासून ते टाळतात. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्यांपैकी कोणीही हे प्रकरण आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी ते पान वाचून काम केलं.

मुलगा झाला, २.३ किलो. दुसऱ्या दिवशी पाठीची शस्त्रक्रिया झाली: उघडी मज्जा कडेच्या त्वचेपासून सोडवून, गुंडाळून, तिच्यावर आवरण, स्नायूंवरचा पडदा आणि त्वचा असे थर बंद केले. याने जंतुसंसर्ग टळतो. गेलेली नस परत येत नाही. हे पालकांना आधी सांगितलं नसेल तर नंतर ‘ऑपरेशन यशस्वी झालं, मग पाय का हलत नाही?’ असा प्रश्न हमखास येतो. पाठ बंद झाल्यावर झिरपण्याची वाट संपते आणि डोक्यातलं पाणी वाढतं. तिसऱ्या आठवड्यात टाळू ताठ झाली, डोक्याचा घेर रेषा ओलांडून वर गेला. दुर्बिणीतून मेंदूत पर्यायी वाट काढण्याचाही विचार झाला, पण एवढ्या लहान बाळात ती वाट टिकण्याचा भरवसा कमी, म्हणून शंट बसवला.

खरा वाद झाला तो कॅथेटरवरून, म्हणजे मूत्राशय रिकामं करायला घालायच्या नळीवरून. लंगोट ओला होतो, म्हणजे लघवी होते, मग तान्ह्या बाळाला दिवसातून चार वेळा नळी कशाला? घरातल्या मोठ्यांचा ठाम विरोध होता. मूत्रमार्गाच्या दाबाच्या तपासणीत दिसलं, की मूत्राशय जास्त दाबाने भरतं आणि लघवी नुसती वरून सांडते. तो दाब मूत्रपिंडांकडे परततो. ‘संसर्ग झाला तर सुरू करू’ म्हणून थांबता आलं असतं, बऱ्याच ठिकाणी तसं थांबतातही. आमच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी तो आलेख आजीसमोर ठेवून समजावला आणि पहिले काही दिवस परिचारिकेने रोज व्हिडिओवर पाहून हात बसवून दिला. आता आजीच सर्वांत सफाईने करते.

निष्पत्ती

मुलगा आता तीन वर्षांचा आहे. शंट एकदा, चौदाव्या महिन्यात बंद पडला. उलट्या आणि सुस्ती दिसताच आईने ओळखलं आणि त्याच दिवशी तो बदलला गेला. मूत्रपिंडं सोनोग्राफीत निरोगी आहेत. घोट्यांना स्प्लिंट लावून, वॉकर धरून तो घरभर फिरतो. बोलणं उशिरा आलं आणि अजून मागे आहे. ते कशामुळे, हे सांगता येणार नाही; वाचोपचार चालू आहेत. मीनल दोन्ही औषधांच्या कमी डोसवर स्थिर आहे.

हा दोष व्हॅल्प्रोएटमुळेच झाला, असं या एका मुलाबद्दल छातीठोकपणे म्हणता येत नाही. औषधाने शक्यता कितीतरी पट वाढवली, इतकंच. मीनलला हे वाक्य महत्त्वाचं वाटलं, कारण ती स्वतःला दोष देत होती.

काय वेगळं करता आलं असतं

एकच गोष्ट निवडायची तर पहिल्या बाळंतपणानंतर डोस वाढवला तो दिवस. त्या दिवशी गर्भनिरोधकाचं बोलणं व्हायला हवं होतं, आणि पुढचं मूल हवं असेल तर त्याआधी औषध बदलायला सहा महिने ते वर्ष लागतं हेही सांगायला हवं होतं. तसं झालं असतं तर लॅमोट्रिजिन सावकाश वाढवून पाहता आलं असतं, लेव्हेटिरॅसिटॅमला दुसरी संधी मिळाली असती. अनेक देशांत आज व्हॅल्प्रोएट मूल होण्याच्या वयातल्या बाईला दुसरं काही लागू पडत नसेल तरच, आणि गर्भनिरोधकाची खात्री करून देतात. फॉलिक ॲसिडचा मोठा डोस आधीपासून असता तर? कदाचित थोडा फायदा, कदाचित काहीच नाही. व्हॅल्प्रोएटमुळे होणारे दोष फॉलिक ॲसिडने टळतात याचा पुरावा कच्चा आहे. ती गोळी देऊन औषधाचा प्रश्न सुटल्यासारखं वागू नये.

दुसरी गोष्ट बाराव्या आठवड्याच्या अर्जावरची एक ओळ, आणि सोळाव्या आठवड्यात पाठीसाठी खास स्कॅन. त्याने दोष टळला नसता. निर्णयाला चार आठवडे जास्त मिळाले असते, आणि गर्भाशयातल्या शस्त्रक्रियेचा नकार पचवायलाही वेळ मिळाला असता.

तिसरी, ती फिट. चाचणी पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच कोणीतरी ‘गोळ्या स्वतःहून बंद करू नकोस’ एवढं सांगितलं असतं तर ती टळली असती.

पुढच्या गर्भाचा प्रश्न

एक बाळ असं झालं की पुढच्या वेळी धोका २ ते ५ टक्क्यांच्या घरात जातो. अशा बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, गर्भ राहण्याआधीपासून, दिल्यास पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ च्या ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने सिद्ध केलं. मीनलने तो आकडा कुठेतरी वाचला आणि निश्चिंत झाली. त्या अभ्यासात अपस्मार असलेल्या बायकांना घेतलेलं नव्हतं, हे तिला सांगावं लागलं. मोठा डोस तिला द्यायचाच आहे, बी-१२ ही तपासायचं आहे, पण आधी व्हॅल्प्रोएट पूर्ण सुटायला हवं आणि त्याशिवाय ती किमान सहा महिने फिटविना राहायला हवी. सध्या लॅमोट्रिजिन दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं वाढतं आहे. तोवर गर्भनिरोधक म्हणून कॉपर टी बसवली आहे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी उतरवतात, म्हणून त्या टाळल्या. तिसरं मूल हवं की नको, यावर नवरा-बायकोचं अजून ठरलेलं नाही.